आपाचा बोर्ड

कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात आमचे दोन खोल्यांचे घर होते. पावसाळा लागला की आधी भिंतींना ओल यायची आणि मग कॅरमबोर्डाला. अब्बा मोंढ्यात मापाडी. बदली झालेल्या एका साहेबाने सामान विकायला काढले, त्यात हा बोर्ड किरकोळ पैशांत मिळाला. अब्बांनी तो आम्हा दोघा भावांसाठी आणला होता. त्याची निगा मात्र आपाने राखली.

अम्मीची जुनी मलमलीची ओढणी हे तिचे हत्यार. आधी ती बोर्ड कोरडाच पुसायची, गोल गोल नाही, लाकडाच्या रेषेने. आदल्या दिवशीची पावडर ओल ओढून बसलेली असते, तिच्यावर नवी टाकली की चिखल होतो, असे ती म्हणायची. मग डालड्याचा डबा कापून केलेल्या झाकणात शंभरचा बल्ब लावून तो बोर्डावर हातभर उंचीवर टांगायचा. पंधरा मिनिटांत लाकूड हाताला कोमट लागे. मग पुरचुंडीतून चिमूटभर बोरिक पावडर झटकायची, ओढणीने पसरायची आणि जास्तीची फुंकून टाकायची. आम्हाला वाटायचे, जितकी पावडर जास्त तितका बोर्ड पळणार. पण जास्त झाली की सोंगटी डुगडुगते आणि वाट सोडते. बोरिकचे स्फटिक पापुद्र्यांसारखे असतात, एकावरून एक सरकतात, म्हणून पातळ थरही पुरतो, हे आम्ही पुढे वाचले. बर्फाच्या मुलखात घसरायच्या फळ्यांना लोक घरीच मेण लावतात, हे टीव्हीवर पाहिले तेव्हाही आपाच आठवली. तिथेही जास्तीचे मेण खरवडूनच काढतात.

पावडरीचा डबा अम्मीपासून लपवावा लागे. ती त्यातली मूठभर कणकेत मळून झुरळांसाठी गोळ्या करायची. आणि खेळून उठल्यावर हात धुतल्याशिवाय आम्हाला भाकरी मिळत नसे.

एकदा आम्हीच चहा सांडला आणि ओल्या फडक्याने पुसून मोकळे झालो. "बोर्डकू पानी मत लगाव रे!" आपा ओरडली, पण उशीर झाला होता. एका कोपऱ्याजवळ प्लायवूड फुगले. तिने बारीक काचकागदाने वर आलेले तंतू घासले, तरी टेंगूळ राहिलेच. पुढे त्या टेंगळावरून सोंगटी किती वळते हे तिला पाठ झाले. आम्ही तिथे हरायचो.

रमजानमध्ये तरावीहनंतर बोर्ड मोहल्ल्यातल्या ओट्यावर जायचा. आम्ही उचलून न्यायचो, आपा पडद्याआड राहायची. सहरीच्या वेळी तो परत यायचा, तो बोटांच्या डागांनी मळलेला. दुपारी रोज्यात ती पुन्हा ओढणी घेऊन बसायची.

ती दहावीत असताना शाळेत कॅरमची स्पर्धा होती, मुलींचीही. तिने फॉर्म आणला. अब्बांनी तो दोनदा वाचला आणि आम्हाला विचारले, "कैसा रहता वहाँ?" आम्ही म्हणालो, पोरं भोवती उभी राहून बघतात. खोटे नव्हते. पण आम्ही न हरता खेळू शकू अशी ती एकच जागा होती, हेही खरे. अब्बांनी फॉर्म घडी करून परत दिला. पेन खिशातच राहिले.

शाळेचा बोर्ड खराब होता, म्हणून सरांनी आमचा मागितला. आदल्या रात्री आपाने तो तयार केला. स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला की तो तीन वेळा तरी इकडून तिकडे गेला पाहिजे, हे तिचे माप. स्पर्धेच्या नियमात साडेतीन आहे, ते तिला कोण सांगणार! आमच्यातल्या एकाला दुसरे बक्षीस मिळाले, स्टीलचा डबा. अब्बा तो कित्येक वर्षे मोंढ्यात नेत होते. आपाच रोज भरून द्यायची, लग्न होऊन भोकरदनला जाईपर्यंत.

2024 साली अमेरिकेत कॅरमची जागतिक स्पर्धा झाली. चेन्नईच्या एका ऑटोचालकाची मुलगी, काझिमा, तिथून तीन सुवर्णपदके घेऊन आली. आपा ईदला आली तेव्हा आम्ही तिला मोबाईलवर तो खेळ दाखवला. का दाखवला, ते तिला कळले असावे. ती पदकांविषयी काही बोलली नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "बोर्ड अच्छा सूखा है." मग विचारले, आपला आहे का अजून?

माळ्यावर होता. खाली काढला. टेंगूळ जागेवर होते, दोन जाळ्या उंदरांनी खाल्लेल्या. घरात आता सगळीकडे एलईडी. आपाने बल्बखाली हात धरून पाहिला. "इसकू गरमीच नै." शेवटी तिने बोर्ड गच्चीवर नेऊन, ओढणीने झाकून, उन्हात टेकवला. संध्याकाळी पावडर झटकली आणि स्ट्रायकर मारला.

आम्ही मोजले. दोन, आणि थोडेसे.

"अजून पुसावा लागेल," ती म्हणाली आणि ओढणी आमच्या हातात दिली.