पट्टा वर की खाली?

जो सुटा भाग कंपनीकडे शिल्लकच नाही, त्याचंही इस्टिमेट देता येतं. गिऱ्हाइकाने ते मंजूर केलं की मग ‘भाग उपलब्ध नाही’ असा मेसेज धाडायचा आणि तपासणीची फी तेवढी ठेवून घ्यायची. हे असं चालतं हे मला माझ्या जुन्या कॅमेऱ्याने शिकवलं. आता त्याला बराच काळ झाला, तरी कुणी ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हटलं की माझं डोकं तापतं.

कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर. अमरावतीच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराकडून घेतलेला. तो मिररलेसवर गेला होता, सगळेच जाताहेत, त्यामुळे आरसेवाल्या कॅमेऱ्यांचे भाव पडलेत. सतरा हजारांत बॉडी मिळाली. शटर 62 हजार वेळा पडलेलं, आणि त्या मॉडेलचं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे हिशेबाने निम्म्याहून थोडं जास्त आयुष्य वापरलेलं. कापशी तलावावरचे पक्षी आणि श्रावणातली कावड, एवढ्यासाठी मला तो पुष्कळ होता.

कावड अकोलेकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन मंडळं रात्रभर चालत येतात आणि जुन्या शहरात राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. मोठ्या कावडींवर भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, उतरंड असते आणि खाली खांदा द्यायला पोरांची ही झुंबड. सकाळी ऊन चढल्यावर मी फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर काही फोटोंत भरणे झळझळीत आणि खालचे खांदे, चेहरे सगळे काळ्या पट्ट्यात गेलेले. सगळ्या फोटोंत नाही. कॅमेरा थोडा वेळ गळ्यात नुसता लटकला असेल, तर त्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या फोटोत. पुढे पुढे व्ह्यूफाइंडरच मधूनमधून अंधारा होऊ लागला. आरसा वर जाऊन तिथंच अडकायचा आणि पडद्यावर एरर यायचा.

जठारपेठेत आमचे एक रिपेअरवाले काका आहेत. पूर्वी स्टुडिओवाल्यांचे फ्लॅश आणि रोलचे कॅमेरे दुरुस्त करायचे, मग व्हीसीआर आले, आता मिक्सर आणि चार्जर. त्यांनी कॅमेरा हातातही घेतला नाही, आधी फोटो मागितले.

“पट्टा कुठून येते, वरतून का खालतून?”

“खालून.”

“अन् कडा? साफ कापली हाये का पसरट?”

कडा पसरट होती.

“मंग शटरले कायले बदनाम करता? आरसा आळशी झाला.”

त्यांचा तर्क असा. लेन्समधून येणारं चित्र सेन्सरवर उलटं पडतं. आरशाची बिजागरी वर असते. तो वेळेत पूर्ण उचलला गेला नाही, तर सेन्सरच्या वरच्या भागाचा उजेड अडवतो, आणि सेन्सरचा वरचा भाग म्हणजे फोटोतला खालचा. शिवाय आरसा सेन्सरपासून लांब असतो, म्हणून त्याच्या सावलीला धार नसते. शटरचे पडदे सेन्सरला जवळजवळ खेटून असतात, ते चुकले तर रेघ ठळक उमटते. पहिला पडदा रेंगाळला आणि दुसऱ्याने त्याला गाठलं, तर काळं बहुधा फोटोच्या वरच्या बाजूला येतं, कारण या शटरचे पडदे वरून खाली धावतात.

नुसता तर्क नको म्हणून त्यांनी मिरर लॉक-अप लावायला सांगितलं. यात बटण एकदा दाबलं की आरसा वर जाऊन थांबतो, दुसऱ्यांदा दाबलं की शटर पडतं. दुकानाच्या चुन्याच्या भिंतीवर 1/2000 ला फोटो काढला. लॉक-अप नसताना पट्टा आला, लॉक-अप लावल्यावर भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. दहा मिनिटांत निकाल लागला. शटर निर्दोष होतं.

पण खोलायला ते तयार झाले नाहीत. “कंपनीत पाठवा. त्यायच्याजवळ फोकस जमवाची मशीन असते. माह्याजवळ पेचकस हाये.”

म्हणून कॅमेरा दुसऱ्या मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला कुरियरने गेला. बॅटरी, कार्ड, गळ्यातला पट्टा काहीही पाठवू नका, फक्त बॉडी, असं बजावलेलं होतं. कार्ड नाही तर नाही. मी भिंतीच्या दोन्ही फोटोंचे प्रिंट काढले, मागे वेग आणि लॉक-अप होता की नव्हता ते लिहिलं, एक पानभर टिपण जोडलं, लिफाफा बंद करून बॉडीसोबत ठेवला. डॉक्टरकडे जाताना आपण रिपोर्ट नेतोच की.

त्यांचा जॉबशीट आला. त्यात ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात तीन शब्द होते: फोटो काळा येतो.

तेवढंच. पट्टा नाही, खालून नाही, पहिल्या फोटोत नाही. मी फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती, तिच्यावर राग काढावा असं काही नव्हतं. “सर, सिस्टीममध्ये शटर युनिट दाखवतंय.” मी म्हटलं, शटर चांगलं आहे, सोबत पुरावा ठेवलाय. “सर, मी नोंद करते.” इस्टिमेट आलं: शटर युनिट, मिरर बॉक्स, मजुरी, वर 18 टक्के जीएसटी. बेरीज सतरा हजारांच्या जवळ. पुन्हा फोन केला. मिरर बॉक्स समजला, शटर कशाला? “सर, दोन्ही सोबतच बदलतात.” हे एक वेळ पटण्यासारखं होतं, आत शिरल्यावर दोन्ही एकदमच बदलणं सोयीचं असेलही. मग आधीच तसं का सांगितलं नाही? सिस्टीममध्ये दाखवतंय म्हणजे कुठल्या सिस्टीममध्ये? आरसा अडकला हे यंत्राला कळतं, पण का अडकला हे पाहायला माणसाने डोळा लावावा लागतो. तो लावला का, एवढं एक मला कुणी सांगेना.

घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी मी मंजुरी दिली. पक्ष्यांचा हंगाम तोंडावर होता. मग बरेच दिवस काही नाही. मग मेसेज: या मॉडेलचे भाग बंद झाले आहेत, कॅमेरा परत पाठवत आहोत. ज्या भागाची किंमत रुपया-पैशांसह लिहून दिली, तो आहे की नाही हे बघितलं कधी? तपासणीची फी का परत मिळू नये, या प्रश्नाला ‘तपासणी झाली आहे सर’ असं उत्तर आलं. खोकं उघडलं. आत कॅमेरा, आणि माझा लिफाफा जसा पाठवला तसाच. चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती. पैसे गेल्याचं मला इतकं लागलं नाही जितकी ती चिकटपट्टी लागली.

कंपन्यांना हे जमत नाही असं नाही. नायकॉनच्या डी600 चे फोटो डागाळतात म्हणून जगभर ओरड झाली. 2013 मध्ये त्याच्या जागी डी610 बाजारात आला, 2014 मध्ये शटर मोफत बदलून मिळू लागली, आणि त्याच वर्षी चिनी सरकारी वाहिनीनेही ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात विषय लावून धरला. कॅननच्या पहिल्या 5डीचा आरसा निखळून पडायचा, तोही मोफत बसवून दिला गेला. फरक गोंगाटाचा आहे. जठारपेठेतून एकट्याने किती गोंगाट करायचा? केंद्राने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणून पोर्टल काढलं. मोबाइल, ट्रॅक्टर, घरगुती यंत्रं, गाड्या असं सगळं त्यात मांडलंय, विचार चांगला आहे. पण मला वाटतं, सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विकतानाच खोक्यावर छापायची सक्ती हवी. औषधावर तारीख छापतात, यावर का नाही?

शेवटी काकांनीच कॅमेरा उघडला. आधी फ्लॅशच्या कपॅसिटरमधली वीज उतरवली. बॅटरी काढली तरी त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात, आणि घरी पेचकस घेऊन बसणारे तिथंच फसतात. आरशाला त्यांनी बोट लावू दिलं नाही. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, पुसायला गेलं की ओरखडा पडलाच. खाली दातेरी चाकांवरचं ग्रीस वाळून मेणचट झालं होतं, त्यात धूळ आणि तंतू. पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे आमचे उन्हाळे आणि हवेतला कापूस, दुसरं काय होणार? साफ करून नवं ग्रीस, बोटभरसुद्धा नाही. पट्टा गेला.

आणि फोकस किंचित मागे सरकला. मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो फोकसच्या सेन्सरकडे उजेड पाठवतो. त्याची बैठक केसभर हलली असावी. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस अचूक बसतो, व्ह्यूफाइंडरमधून पक्ष्याच्या डोळ्याऐवजी पंखावर जातो. काकांनी आधीच सांगितलं होतं, मशीन कंपनीकडे असते. म्हणजे ज्यांना मी इतका वेळ शिव्या देतोय, त्यांच्याचकडे ते काम नीट होऊ शकलं असतं.

विकणाऱ्या पोराबद्दलही माझं मत धड एक राहत नाही. मी पोचलो तेव्हा तो त्याच कॅमेऱ्याने पोरांचे फोटो काढत होता. चार-सहा क्लिक झाले की हा दोष लपतो. मुद्दाम गरम करून ठेवला होता, असं मी महिनोन्महिने म्हणत होतो. आता वाटतं, लग्नात दिवसभर क्लिक मारणाऱ्याला पहिला फोटो कधी नीट दिसतच नसेल. तुम्ही घ्यायला गेलात तर शटर काउंट पाहाच, पण रात्रभर पडलेल्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो तुमच्यासमोर, पांढऱ्या भिंतीवर, सगळ्यात जलद वेगाला काढायला लावा. मग लॉक-अप लावून पुन्हा.

भाच्याने विचारलं, जुना डीएसएलआर घेऊ का? मी स्पष्ट नाही म्हटलं. मिररलेस घे, आरशाची भानगडच नको. आणि त्याच आठवड्यात नागपूरच्या एकाला मीच फोन लावला. त्याच्याकडे माझ्याच मॉडेलची बंद पडलेली बॉडी आहे म्हणे. शटर गेलं असलं तरी चालेल, मिरर बॉक्स तेवढा शाबूत हवा.