जयपूरमधील मालवीय नगर

आमेर आणि हवामहल पाहण्यासाठी जयपूरला जाणाऱ्या आपल्या मंडळींना मी हल्ली आवर्जून सांगतो, की अर्धा दिवस मालवीय नगरासाठी राखावा. तेथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे केंद्र आहे. पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि सेबीचे अध्यक्ष झालेले श्री. देवेंद्र राज मेहता यांनी १९७५ साली, भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, ही समिती स्थापन केली. कृत्रिम पाय येथे विनामूल्य मिळतो.

‘जयपूर फूट’ हे नाव पावलाचे. सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ते घडविले. परंतु ज्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला, त्याचे सुखदुःख पावलापेक्षा मांडी सामावून घेणाऱ्या खोबणीवर, म्हणजे सॉकेटवर, अधिक अवलंबून असते.

मी गेलो तो मावसभावाच्या सोबतीने. मधुमेहात त्याचा पाय गेला; त्याआधी चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवरील गादी त्याने सोडली नव्हती. कारागिराने उरलेल्या मांडीभोवती प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, त्यातून मांडीची प्रतिकृती काढली आणि ती कानशीने घासावयास घेतली. मांस भार सोसेल तेथे खरवडायचे, हाड टोचेल तेथे थर चढवायचा. मग पाण्याच्या पाइपासारखी प्लास्टिकची नळी भट्टीत मऊ करून तिच्यावर ओढली. शरीराचा भार मांडीच्या कापलेल्या टोकावर येऊ द्यायचा नसतो. आपण बसताना आसनाला टेकणारे हाड खोबणीच्या मागच्या काठावर विसावले पाहिजे. काठ चुकला तर जांघ सोलते, आणि सैल खोबणीत पाऊल नेमके कोठे पडेल याचा भरवसा राहत नाही.

भावाचा प्रश्न एकच : गादीवर बसता येईल का? कारागिराने जांघेजवळचा काठ दोनदा तापवून बाहेर वळविला आणि मग सांगितले, “सेठजी, खुर्ची वापरा. गादीवर बसायचे तर पाय उतरवून ठेवा.” इतके स्पष्ट उत्तर बँकेत आम्ही ग्राहकांना क्वचितच दिले असेल.

कापलेली मांडी पहिल्या काही महिन्यांत आटते. प्रथम मोजे वाढवून भागते. पुढे खोबण नवीच लागते. मधुमेह्याला टोचलेले कळत नाही, म्हणून घरच्यांनी रोज रात्री त्वचा पाहावी. आपले व्यापारी बंधू शिबिरे भरवितात, छायाचित्रेही निघतात. त्याच गावी सहा महिन्यांनी पुन्हा शिबिर ठेवणारे मात्र थोडे.

भावाने पेढीवर खुर्ची घेतली आहे. दुपारी गिऱ्हाईक ओसरले की पाय उतरवून तो कपाटाला टेकवितो आणि गादीवर सरकतो.