गंगाजळी

आमच्या नानांनी चाळीस वर्षे संस्कृत शिकविले. गेल्या दिवाळीत ओवाळणीच्या वेळी नातवाचे नाव आठवेना, तेव्हा ‘या बाळराजे!’ म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. आम्ही कौतुकाने हसलो.

पुढे डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय दाखविला. बारीक रक्तवाहिन्या तुंबून मेंदूचे लहान लहान भाग कधीच निकामी झाले होते.

“मग इतके दिवस आम्हांला कळले कसे नाही?”

“शिक्षणाने मेंदूत गंगाजळी साठते,” डॉक्टर म्हणाले. “एक वाट बुजली की माणूस दुसरीने जातो. आजार टळत नाही. दिसतो मात्र उशिरा.”

ही गंगाजळी केवळ शाळेतच साठते असे नाही. हैदराबादेत ६४८ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडला होता; निरक्षरांतही हा फरक दिसला.

पण शिल्लक ती शिल्लकच, कधीतरी सरायचीच. काल नानांनी मलाच ‘या बाळराजे!’ म्हटले. या वेळी मी हसलो नाही. जवळ बसलो आणि हळूच माझे नाव सांगितले.