सोबत कोण जाणार?

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या आठवडी बाजारात बुबुळावर पांढुरकी झाक आलेली म्हातारी माणसं अजून दिसतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "पिकू द्या की अजून." या थांबण्याला एकेकाळी अर्थ होता. तेव्हा डोळ्यातलं भिंग सबंधच काढून टाकत, मागं जाड काचेचा चष्मा उरे, आणि थोडंफार दिसत असताना तो धोका घेणं शहाणपणाचं नव्हतं. आता काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ साली ऑरोलॅब काढून ही भिंगं भारतातच बनवायला घेतली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. आज पिकायची वाट पाहणं म्हणजे ऑपरेशन अवघड करून घेणं आहे. फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाब वाढवून उरलीसुरली नजरही नेऊ शकतो.

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या आठवणीतलं शिबिर म्हणजे शाळेच्या वर्गात ओळीनं टाकलेल्या सतरंज्या आणि डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. याच कर्नाटकात, बिळगीत जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी अशी फुकट ऑपरेशनं करत गावोगाव फिरले. एका दिवसात ८३३ ऑपरेशनं, ही त्यांची नोंद गिनेस बुकात गेली. त्या काळात त्या माणसानं किती घरांत उजेड नेला असेल! पण शाळेच्या खोलीत जंतुसंसर्गाची भीती राहायचीच. म्हणून आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशनसाठी पेशंटला रुग्णालयात नेतात. हे योग्यच झालं. मात्र यामुळं एक नवा प्रश्न घरात येऊन बसला, आणि माझ्या मते सगळा गुंता आता तिथंच आहे. सोबत कोण जाणार?

आमच्या थोरल्या काकूला शिबिर घेणाऱ्या संस्थेची गाडी दारापर्यंत येऊन न्यायला तयार होती. पैसा लागणार नव्हता. तरी तिचं चालूच, "मला काय आता दळायचंय का शिवायचंय? पोरायच्या कामाचा खोळंबा कशाला?" शिबिरं जास्त करून दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत. नेमका तेव्हाच कापूस फुटलेला असतो, सून वेचणीला गेलेली, मुलगा रानात. तांड्यांवरची कर्ती माणसं तर कामासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईला निघून गेलेली. घरी म्हातारी आणि नातवंडं. एका माणसाचा दोन दिवसांचा रोज बुडणार, एवढ्यावर एक नजर अडून राहते. म्हाताऱ्याचं कसंबसं जमतं, बाईचं राहून जातं. गरीब देशांत बहुतेक ठिकाणी हेच आहे: मोतीबिंदू बायकांना कमी होत नाही, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत त्या कमी पोचतात. काकूला शेवटी शेजारची मुलगी घेऊन गेली, कारण तिला स्वतःच्या आजीलाही न्यायचं होतं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या भरवशावर गाडीत चढल्या. काकूची पट्टी निघाल्यावर तिनं आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "अगं, किती सुरकुतले गं."

२०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वामागचं कारण शोधलं, तर सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूचं निघालं. म्हणजे तीनातल्या दोघांना परत दिसू शकतं. हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, देणगीदार आहेत, उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयासारख्या जागा आहेत. राहिलंय ते मधलं अंतर. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातली माणसं घेऊन आनंदवनात ऑपरेशनं करायला जात, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. कुष्ठरोग झालेल्यांना मुंबईला कोण नेणार होतं? डॉक्टरच तिथं गेले.

आमच्या सीमेवर अंतर किलोमीटरचंच नसतं. औरादचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, घरातली भाषा मराठी, नातेवाईक उदगीर-देगलूरला आणि जिल्ह्याचं दवाखान्याचं गाव बिदर. कन्नडमधला संमतीचा कागद आजीला वाचून दाखवायलाच माणूस लागतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकानं विरोध केला. दोन्ही सरकारांना एवढंच सांगावंसं वाटतं, की मोतीबिंदूच्या म्हातारीवर तरी हक्क सांगण्याआधी तिला गाडीत बसवा.

आणि ज्यांची नजर येणारच नाही त्यांचं काय? साइटसेव्हर्स ही संस्था १९५० साली काढणारे जॉन विल्सन स्वतः अंध होते. बाराव्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे डोळे गेले. टाळता येण्याजोग्या ज्या आजारांनी डोळे जातात त्यांच्यामागं ते आयुष्यभर लागले, पण अंध माणसाला शाळा हवी, काम हवं, हे त्यांनी त्याच दमात मांडलं. आपल्याकडं अंधत्व टाळण्याला टाळ्या पडतात. ते टळलं नाही की माणूस ओसरीवरच्या बाजेवर जातो. काचबिंदूनं डोळे गेलेल्या बापाला आमच्या ओळखीच्या घरात कुणी काही काम सांगत नसे. त्यांनी एके दिवशी आपणहून शेंगा फोडायला घेतल्या, आणि मग तूर निवडणं, दोऱ्या वळणं, गिऱ्हाइकाशी भाव ठरवणं असं सगळं त्यांच्याकडं परत आलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. पण तिथं पोचायचं तर आधी प्रमाणपत्र, आणि त्यासाठी पुन्हा बिदरची फेरी, पुन्हा कुणाचा तरी रोज. म्हणून संस्थांनी ऑपरेशनच्या आकड्यांबरोबर सोबतीचा हिशेबही ठेवावा असं मला मनापासून वाटतं: सोबत येणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी, कापूस वेचणीच्या आधी किंवा ती आटोपल्यावर तपासणी, आणि आशाताईच्या वहीत घरातल्या न दिसणाऱ्या माणसासाठी एक जास्तीचा रकाना. "घरात कुणी आंधळं आहे का?" असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. "ताटातली भाकरी चाचपून कोण जेवतं?" असं विचारलं की सून आतल्या खोलीकडं बोट दाखवते.