आईचं नाव आणि कलम ११

आमचा काळा मसाला आईच्याच नावाने विकला जातो. जालन्यात, कुंडलिकेच्या दोन्ही काठांना, ही पुडी गेली सव्वीस वर्षे चालते आहे. मुलाच्या हट्टापायी नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करायला गेलो आणि आक्षेप आला! १९९९ च्या कायद्याचे कलम ११. मसाल्यांच्या वर्ग ३० मध्ये असेच नाव आधीच नोंदलेले. महिन्याभरात उत्तर द्या.

"म्हणजे माझं नाव मीच चोरलं की काय?" आई चष्मा पुसत म्हणाली.

वकीलसाहेबांनी धीर दिला. एक, चिन्ह अख्खे पाहायचे असते. आपल्या पुडीवर आईचे चित्र आहे. दोन, कलम १२. दोघेही प्रामाणिकपणे तेच नाव वापरत आले असतील, तर निबंधक अटी घालून दुसऱ्यालाही नोंदणी देऊ शकतात.

"फक्त पुरावा हवा. जुनी बिलं आहेत?"

मी आढ्याकडे पाहिले. बिले तारेला टोचून ठेवणाऱ्या हिची मी जन्मभर थट्टा केलेली. ही मुकाट्याने उठली आणि माळ्यावरून पंचवीस तारा घेऊन आली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, हेच फार लागले.

प्रतिज्ञापत्रासह बिले गेली, सुनावणी झाली, अर्ज स्वीकारला. आता जर्नलमध्ये नाव छापून येईल आणि चार महिने कुणाची हरकत येते का, याची वाट पाहायची.

आई मात्र निवांत आहे. म्हणते, "लग्नात माझं माहेरचं नाव बदललं ना, तेव्हा कुणी चार मिनिटंही थांबलं नव्हतं!"