व्हिडिओला लोड येतो, मॅडम

पाच हजार तीनशे रुपये गेले, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. पण दुकानदाराचं ते एक वाक्य अजून आठवलं की रात्री कूस बदलावी लागते. ‘व्हिडिओला लोड येतो, मॅडम.’ ते ऐकून मी गप्प बसले. सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली मी.

लॅपटॉप २०१८ चा, मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला. त्याला नोकरीत दुसरा मिळाला आणि हा सासूबाईंकडे आला. त्या ८३ वर्षांच्या. गुडघ्यांनी देऊळ बंद केलं, तेव्हापासून रोज दुपारी चारला युट्यूबवर नारदीय कीर्तन. लावून मी द्यायचं, बंदही मीच करायचं.

गेल्या श्रावणात एका दुपारी पूर्वरंग संपत आला आणि बुवा हिरवे झाले. फिके वगैरे नाही, चांगले पोपटी. मग चित्र जागच्या जागी थांबलं. आवाज मात्र चालूच होता. पेटी, तबला, झांजा, सगळं ठाकठीक. सासूबाई म्हणाल्या, “अगं, बुक्का लावायच्या वेळेलाच काय झालं बुवांना?” मी लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफायचा डबा बंद करून चालू केला. दहा मिनिटं बरं, की पुन्हा पोपटी. “आवाज येतोय ना, राहू दे,” असं त्या म्हणत होत्या. ते मी ऐकायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

साताऱ्यातल्याच एका दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी झाकण उघडलं, पडदा दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, “डिस्प्ले गेलाय.”

मी म्हटलं, “अहो, पण बाकी सगळं नीट दिसतं. फोटो दिसतात, अक्षरं दिसतात. फक्त व्हिडिओच हिरवा होतो. डिस्प्ले गेला असता तर सगळंच हिरवं दिसलं नसतं का?”

तेव्हा ते वाक्य आलं. व्हिडिओला लोड येतो, मॅडम. फोटोला येत नाही.

माझा मुद्दा बिनतोड होता, हे मला आतून कळत होतं. पडद्याला काय ठाऊक, समोर आलेला ठिपका फोटोतला आहे की व्हिडिओतला? त्याने सांगितलेला रंग दाखवायचा, बस. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावून ‘लोड म्हणजे काय ते मांडून दाखव’ म्हटलं असतं. इथे मी मान डोलावली. दुकान त्यांचं, स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात, मागे दोन माणसं खोळंबलेली, आणि ‘मॅडम’ हा शब्द असा उच्चारलेला, की पुढे बोलणं म्हणजे अडाणीपणा. पॅनेलचे ४,८०० आणि मजुरीचे ५००. जुना पडदा परत मागितला, तर “तो स्क्रॅपमध्ये गेला.”

घरी आणला. चार वाजता कीर्तन लावलं. चार वाजून बारा मिनिटांनी बुवा पोपटी.

पुन्हा गेले. आता निदान बदललं होतं. “मग बोर्डच. ग्राफिक्सची चिप बोर्डावर असते. अकरा हजारांपर्यंत जाईल.” पहिलं निदान चुकलं, याबद्दल चकार शब्द नाही. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघून आले. धैर्य वगैरे काही नाही, पर्समध्ये तेवढे पैसेच नव्हते.

रात्री भाचीचा फोन आला. ती पुण्यात नर्सिंग शिकते, कॉम्प्युटरशी तिचा संबंध तुमच्याआमच्याइतकाच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, हिरवं झालं की स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव.”

पाठवला. लगेच उत्तर आलं: “मला पण हिरवे बुवा दिसतायत.”

मी फोन हातात धरून तशीच बसले. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचा फोटो नव्हे. पडद्याकडे जाण्याआधी लॅपटॉपच्या आत जे चित्र तयार होतं, त्याची ती नक्कल. ती पुण्यातल्या फोनवरही हिरवी दिसते, म्हणजे चित्र आतच हिरवं तयार होतंय. पडदा निर्दोष. केबल निर्दोष. स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता आणि डोळ्यांना मात्र हिरवं दिसलं असतं, तर संशय पडद्यावर घ्यायचा. एका कळीचं काम. हे दुकानात का केलं नाही? आणि मला का सुचलं नाही? दुसरा प्रश्न जास्त बोचतो.

पुढचं तिने फोनवरून सांगत करून घेतलं. आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करायला लावलं. ब्राउझर पुन्हा उघडला, आणि कीर्तन आरतीपर्यंत विनातक्रार चाललं. फक्त पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला आणि लॅपटॉपचं बूड तापलं. का, ते मी वहीत मांडून पाहिलं. पूर्ण एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला अशी तीस चित्रं धरली तर ६,२२,०८,०००. नेटवरून हे सगळे ठिपके येत नाहीत, घडी घालून लहान केलेला व्हिडिओ येतो आणि तो दर सेकंदाला उलगडावा लागतो. त्यासाठी ग्राफिक्सच्या भागात वेगळी यंत्रणा असते. ती बंद केली की सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर. म्हणजे लोड हा शब्द खरा होता, फक्त पडद्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

ही यंत्रणा आणि बाकीची सिस्टीम यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो बदलला गेला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली त्याची तारीख दिसते, ती ताजी निघाली. अपडेटच्या यादीत पाहिलं, तर बुवा पहिल्यांदा पोपटी झाले त्याच्या आदल्याच रात्री तो बसला होता. कुणी बसवला? ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ मीच दाबलं होतं. मी नेहमीच दाबते, आणि न दाबणाऱ्या शेजाऱ्यांना उपदेशही करते.

‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण फिकट, दाबलं जात नव्हतं. मग लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला मॉडेल नंबर घालून तो बनवणाऱ्यांच्या साइटवरून त्याच मॉडेलसाठी दिलेला जुना ड्रायव्हर उतरवला. वायफाय बंद केलं, नाहीतर सिस्टीम मध्येच स्वतःच्या मर्जीचा बसवते. नवा ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, ‘ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढा’ या चौकटीत खूण करून. जुना बसवला, रीस्टार्ट केलं, अ‍ॅक्सिलरेशन परत चालू केलं. पंखा शांत, बुवा गव्हाळ.

आठ दिवसांनी पुन्हा पोपटी. सिस्टीमने तोच ड्रायव्हर गुपचूप परत आणून बसवला होता! तेव्हा मात्र मी जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. सगळं पहिल्यापासून केलं, आणि यावेळी नको असलेलं एखादं अपडेट लपवून ठेवायचं छोटं साधन मिळतं, त्याने तेवढा एक ड्रायव्हर लपवला. बाकीची अपडेट्स चालू आहेत. ती बंद करू नका, त्यात सुरक्षेची कामं असतात.

त्या दुकानदाराला मी बरेच दिवस लुच्चा म्हणत होते. आता तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर अडला, तेव्हा एका मुलाने घरी येऊन वीस मिनिटं नीट पाहिलं, एक सेटिंग बदललं आणि दोनशे रुपये मागितले. मी म्हटलं होतं, “नुसतं बघायचे कसले पैसे?” शंभरावर मिटवलं. आपण बघण्याचे, विचार करण्याचे पैसे देत नाही. पार्ट बदलला की मुकाट्याने देतो. मग दुकानदार पार्टच बदलणार. हे सगळं मला पटतं. आणि तरी जुना पडदा परत न देण्याला मला अजून दुसरा शब्द सापडत नाही.

शिवाय सांगायला लाज वाटते, पण नवा पडदा जुन्यापेक्षा चांगला आहे. जुन्यावर उजव्या कोपऱ्यात एक पांढरा डाग होता, त्याची आम्हाला सवय झाली होती. सासूबाई परवा म्हणाल्या, “यात बुवांचे डोळे दिसतात गं. बरं केलंस बदललास.” मी काही बोलले नाही.

पावती कपाटात आहे. तिच्यावर ‘डिस्प्ले फॉल्टी’ असं लिहिलंय, खाली सही आणि सहा महिन्यांची वॉरंटी. ती माघात संपली.