कोऱ्या खात्याचा माणूस

मँचेस्टर शहरातील मोबाइल विक्रीच्या एका दुकानात, मार्गशीर्षातल्या एका ओल्या दुपारी, चोवीस महिन्यांच्या कराराचा माझा अर्ज नामंजूर झाला. पगाराची चिठ्ठी, घरभाड्याचा करारनामा, पारपत्र, बँकेचे कार्ड अशी सर्व कागदपत्रे मी टेबलावर रुजू केली होती. परंतु माझे नाव, जन्मतारीख आणि गेल्या तीन वर्षांतील निवासाचे पत्ते एवढाच तपशील त्या तरुण विक्रेतीने भरला, आणि एका मिनिटाच्या आत निकाल पडद्यावर उमटला. कारण विचारले तेव्हा तिने पडदाच माझ्याकडे वळविला. तिलाही त्याहून अधिक काही कळविण्यात आलेले नव्हते. ती खरोखर खजील झाली होती. शेजारच्या दुकानात विचारून पाहा, असे ती हळूच म्हणाली. पण अशा प्रत्येक अर्जासाठी होणारी चौकशी आपल्या नावावर नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अनेक नोंदी साचल्या की पुढचा सावकार अधिकच साशंक होतो, हे मला ठाऊक असल्यामुळे मी कागद गोळा करून बाहेर पडलो.

महिन्याच्या हप्त्यांनी घेतलेला मोबाइल हे वस्तुतः कर्जच आहे. यंत्र आज हाती पडते आणि त्याची किंमत दोन वर्षे वसूल होत राहते. तेव्हा देणाऱ्याने घेणाऱ्याची खातरजमा करून घ्यावी यात अन्याय्य असे काही नाही. मला जे लागले ते निराळेच. नागपुरात घेतलेल्या घराचे कर्ज मी पंधरा वर्षे, एकही हप्ता न चुकविता फेडले. 2000 साली मुंबईत स्थापन झालेल्या सिबिल या पतनोंद संस्थेच्या दप्तरी त्या फेडीची महिन्यामहिन्याची नोंद आहे, आणि तीनशे ते नऊशे या तेथील मापावर माझा अंक अभिमान बाळगण्याजोगा आहे. पण ती नोंद समुद्र ओलांडीत नाही. या देशी मी कोणाला बुडविले नव्हते, कोणाचे काही थकविले नव्हते. कोणाकडून काही घेतलेच नव्हते, आणि नेमके तेच माझ्या विरोधात गेले. ज्याने येथे कर्ज थकविले, त्याच्या नावावरचा डाग सहा वर्षांनी पुसला जातो. ज्याचे पानच कोरे आहे, त्याच्या कोरेपणाला मात्र अशी मुदत नाही.

आपल्या भाषेत पत हा एकच शब्द अब्रूसाठीही आहे आणि कर्जफेडीच्या भरवशासाठीही; म्हणून तुमची पत नाही हे वाक्य मराठी माणसाच्या कानी केवळ हिशेबाचे म्हणून येत नाही. पडद्यावरच्या नकाराच्या, इंग्रजीतल्या त्या कोरड्या दोन ओळी मनातल्या मनात मराठीत आल्या, तेव्हाच त्या मला जिव्हारी लागल्या.

हे सारे मँचेस्टरमध्ये घडावे, याचाही मी पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. बुडव्या गिऱ्हाइकांची माहिती परस्परांस कळविण्यासाठी येथील व्यापाऱ्यांनी 1826 साली एक संरक्षक मंडळी स्थापन केली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी तसेच एक मंडळ त्याहून पन्नास वर्षे आधी, 1776 सालीच उभे केले होते. आज ज्या विशाल दप्तरांत कोट्यवधी लोकांच्या देण्याघेण्याची नोंद असते, त्यांचे मूळ असे ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या कुजबुजीत आहे. आणि हेच ते शहर, की 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात त्याच्या आसपासच्या गिरण्यांची कापसाची आवक आटली, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी मोल चढले. माझे गाव त्याच मुलखातले, खामगावच्या बाजूचे. तेथे माझ्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते.

त्या दुकानातील उधारीची लांबट लाल वही मला अजून दिसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटे, आणि मग वर्षभर तीत मीठ, गूळ, चहा, गोडेतेल यांच्या ओळी भरत जात. कापूस विकला गेला की एकेक ओळ आडवी छेदली जाई. वडिलांना कोणाचा अंक काढावा लागत नसे. पोराचा चेहरा पाहून ते त्याचा आजा ओळखीत, आणि आज्याने दुष्काळातही फेड केली होती एवढी आठवण नातवाच्या किलोभर ज्वारीला पुरे होई. परदेशी अपमान झालेल्या माणसाला असे दुकान आठवणे स्वाभाविक आहे, आणि ते आठवून डोळे ओले करणेही सोपे आहे. मलाही तो मोह झाला. परंतु त्या आठवणीच्या पाठोपाठ दुसरी एक आठवण आली, आणि ती मला टाळता येईना.

वेचणीच्या दिवसांत मेळघाटातून कोरकू मजूर आमच्या भागात उतरत. अशाच एका संध्याकाळी एक माणूस बायको आणि कडेवरचे मूल घेऊन दुकानाच्या पायरीपाशी उभा राहिला, आणि बाजारच्या दिवशी मजुरी मिळाली की पैसे देतो, आज पीठ आणि मीठ द्या, असे मोडक्या मराठीत म्हणाला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. तराजू माझ्या हाती होता. “कोन्या गावचा रे बाप्पा तू? कोनाच्या वावरात हायेस? ओळखीचं कोनी हाय का येथी?” वडिलांनी विचारले. त्याने डोंगरातल्या कुठल्याशा पाड्याचे नाव सांगितले, ते आमच्यापैकी कोणी ऐकलेले नव्हते. शेतमालकाचे नाव त्याला नीट उच्चारता आले नाही. वडिलांनी मान हलविली, आणि तो एक शब्दही न बोलता निघून गेला. माझे वडील कठोर नव्हते. वहीत ज्याचा आजा नाही त्याला ओळ कशी द्यावी, हे त्यांना खरोखरच उमगत नव्हते; आणि डोंगरातल्या माणसाचा आजा आमच्या वहीत कधी येणारच नव्हता, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. चेहरा पाहून विश्वास टाकणाऱ्या त्या व्यवस्थेत, चेहरा अनोळखी असण्याला क्षमा नव्हती.

येथील 1974 च्या ग्राहककर्ज कायद्याने मला एक अधिकार दिला आहे, तो त्या माणसाला नव्हता. आपल्याविषयीची नोंद मागवून वाचता येते, 2018 पासून तर तीही विनामूल्य. आणि एखादी नोंद चुकीची असून ती दुरुस्त झाली नाही, तर दोनशे शब्दांपर्यंतची आपली कैफियत तिच्यासोबत जोडता येते. अशी कैफियत जोडलेली असली की सामान्यतः अर्ज यंत्राच्या हातून निघून कोणा माणसासमोर येतो. ही तरतूद ज्याने सुचविली असेल त्याच्याविषयी मला आदर वाटतो. एका रात्री मी कागद घेऊन बसलो आणि पंधरा वर्षांचे हप्ते, येथील नोकरी, भाड्याची नियमितता हे सारे लिहून काढले. शब्द मोजले तर ते एकशे ब्याऐंशी भरले. मग मागविलेल्या नोंदीचा अहवाल पुन्हा उघडला तेव्हा कळून चुकले की ती कैफियत जोडायला जागाच नाही, कारण चूक म्हणावी अशी एकही नोंद तेथे नव्हती. चुकीच्या अक्षरावर उपाय आहे. न लिहिलेल्या अक्षरावर नाही.

मग जे सर्व नवागत करतात तेच मी केले. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक या नात्याने येथे राहणाऱ्या भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदविता येते, आणि कर्ज देणारे लोक पत्त्याची खात्री त्या यादीवरून करून घेतात. तो अर्ज मी नगरपालिकेकडे पाठविला. मोबाइल पूर्ण किंमत मोजून घेतला आणि सिमकार्ड तेवढे महिनेवारीवर ठेवले. गेल्या आठवड्यात अहवाल पुन्हा मागविला, तेव्हा माझ्या नावाखाली एक ओळ आलेली होती: हा मनुष्य या पत्त्यावर, या यादीत, अमुक दिनांकापासून नोंदलेला आहे. ती मी दोनतीनदा वाचली. आणि वाचता वाचता एकदम ध्यानात आले की, पायरीशी उभ्या असलेल्या त्या माणसाला गाव, वावर, ओळख इतके सगळे विचारूनही वडिलांनी त्याचे नाव विचारले नव्हते. आणि तराजू धरून उभ्या असलेल्या मीही नाही.